बर्फासाठी लावलेली धार

बर्फावर खेळायची हॉकी मी देशाकडून खेळले आहे, असं सांगितलं की हिंगोलीत लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग वर उन्हाकडे. त्यांचं चुकत नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर लग्नात पाण्याच्या टाकीत सोडलेला तुकडा. तरी मी खेळले. अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती ती, आशियातल्या देशांचे संघ आले होते, आणि माझ्या अंगावर देशाचं नाव लिहिलेली जर्सी होती. किती खेळले, हे लगेच विचारू नका. ते मी सांगणारच आहे, आणि सांगताना माझा मलाच राग येणार आहे.

आमचं गाव गोरेगाव. सेनगावच्या जीपा जिथून सुटतात, तिथून चार पावलांवर माझ्या वडिलांचं लोहारकामाचं दुकान. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. वर पत्रे, मधे ऐरण, भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आणि कोपऱ्यात धार लावायचं दगडी चाक. सोयाबीन काढायला आलं की या चाकापुढे बायकांची रांग लागायची. कुणाचा विळा आला की अप्पा आधी विळ्याकडे बघत नसत, आणणारीच्या हाताकडे बघत. बाई डावखुरी असली तर धार उलट्या बाजूला. म्हातारी असली तर धार थोडी जाड, म्हणजे महिनाभर परत यायला नको. कोण कोणाच्या रानात कामाला जाते, तिथलं पीक कसं आहे, दगड किती, सगळं त्यांना पाठ. गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे विचारायची त्यांना सवयच नव्हती. कुणी सांगायला लागलंच तर म्हणायचे, "इचारून काम करायचं तर लोहार कशाला पाह्यजे? तूच हाण की मंग घण." लोक हसायचे आणि विळा ठेवून जायचे. मला त्यांच्या या तोऱ्याचा अभिमान होता. थोडा माझ्यातही उतरलाय. माय म्हणते, थोडा नाही, सगळाच.

मी शाळेसाठी हिंगोलीला मावशीकडे राहत होते. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर एक सर चाकांचे बूट शिकवायचे. पहिल्या दिवशी दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधून परत गेले. चाकांवरून हॉकी खेळायला लागले, जिल्ह्याकडून खेळले, राज्याकडून खेळले. चाकांवर पळता येणाऱ्या पोरी बर्फावर लवकर तयार होतात, असं कुणीतरी म्हटलं आणि मला उत्तरेकडच्या एका शहरात शिबिराला बोलावलं. तिथे बंद इमारतीत बर्फाचं मैदान होतं. बहुतेक मुली लडाखच्या. त्या बर्फावर चालायला शिकल्या होत्या, आणि मी त्यांच्यामागे मांजरीच्या पिलासारखी चार पायांवर. पण मी वेगात होते. चार महिन्यांत तीन शिबिरं झाली आणि यादी लागली, तेव्हा त्यात मी होते. लडाखच्या एका ताईने आपले जुने बर्फाचे बूट मला देऊन टाकले. म्हणाली, माझ्या पायाला होत नाहीत, तुला मात्र बसतील. ते मला मापाने शिवल्यासारखे बसले.

त्या बुटांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बर्फावरच्या बुटाचं पातं सुरीसारखं नसतं. ते जाडसर असतं, आणि त्याच्या तळाला मधोमध, टोकापासून टाचेपर्यंत, एक उथळ नाली कोरलेली असते. त्या नालीमुळे पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली, एक बाहेरची. खेळाडू वळतो तो या कडांवर आणि थांबतोही त्यांच्यावरच. नाली गेली की बूट नुसता घसरतो. शिबिर संपताना आमच्या प्रशिक्षक सरांनी सगळ्यांच्या पात्यांना मशीनवर नाली काढून दिली आणि बजावलं की आता कुणी हात लावू नका, हे थेट सामन्यासाठी तयार आहेत. सर फौजेतून निवृत्त झालेले, एकदाच सांगायचे.

मला सतरा पूर्ण होऊन गेली होती. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते, आणि मोठ्यांच्या संघात माझा निभाव लागणार नाही, हे सरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे देशाकडून बर्फावर खेळायची संधी मला एकच होती. ती मी आंघोळीला जातानाही विसरत नव्हते.

शिबिर आणि स्पर्धा यांच्यामधे आठ दिवस घरी मिळाले, तेही नवरात्रातले. बूट मी बॅगेतून काढून घरात वाळायला ठेवले. सरांनी बजावलेलं घरात सांगायचं मला सुचलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी हिंगोलीला गेले, कारण शाळेने सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, आणि मी अजून न खेळलेल्या स्पर्धेबद्दल तीन भाषणं. रात्री मावशीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावी आले.

दुकानात पूजा मांडलेली होती. आमच्या घरी खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. घण, हातोडे, सांडशा, कानशी, सगळं घासूनपुसून पांढऱ्या धोतरावर मांडायचं, त्याला हळद-कुंकू लावायचं आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. त्या रांगेत शेवटी माझे बूट होते. काळ्या बुटांच्या नाकावर हळद-कुंकू, नाडीत झेंडूचं फूल खोचलेलं आणि पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. मला एकदम भरून आलं. आपल्या बापाने आपलं खेळणं घणाच्या पंगतीला बसवलं, म्हणजे ते खेळणं राहिलं नाही. मी हात जोडले, फोटो काढला आणि संघातल्या मुलींना पाठवला.

आमच्याकडे या पूजेचा एक नेम आहे. बोथट हत्यार पूजेला मांडायचं नाही. ज्याला धार असते, त्याला आदल्या दिवशी धार लागलीच पाहिजे, मगच हळद-कुंकू. हा नेम मला पाळण्यात असल्यापासून माहीत होता आणि नेमका त्या दुपारी डोक्यात आला नाही. मला वाटलं, गंजू नये म्हणून तेल लावलंय.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली. अप्पांनी स्वतः फडकी सोडली, पात्यांवर प्लास्टिकची कव्हरं चढवली आणि बूट बॅगेत ठेवले.

"एकदा पाह्यचं असंल तर पाहून घे," ते म्हणाले.

"काय पाह्यचंय? तुमीच ठेवले ना," मी म्हणाले आणि चेन ओढली.

पुढचं सगळं दुष्काळात तेरावा महिना. दिल्लीहून निघालेलं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, एक अख्खा दिवस आम्ही कुठल्याशा विमानतळावर बॅगांवर झोपून काढला. सरावाची आमची वेळ होती ती तशीच निघून गेली. पोचलो ते सामन्याच्या दिवशी सकाळी. तोंड धुतलं, कपडे बदलले आणि थेट मैदानावर. पहिलाच सामना यजमान देशाशी होता. प्रेक्षकांत शाळेची मुलं आणून बसवली होती, ती आमच्याकडे बघून झेंडे हलवत होती. समोरच्या मुली आमच्यापेक्षा हातभर उंच. एवढं सगळं असूनही मला भीती वाटत नव्हती. दाराशी उभी राहून मी एकेक कव्हर ओढून काढलं, मागच्या मुलीकडे दिलं आणि बर्फावर पाय ठेवला.

बूट पळाला. खूप छान, अगदी लोण्यातून सुरी जावी तसा पळाला. पण वळताना सोबत आला नाही. मी उजवीकडे झुकले आणि बूट सरळच गेला. मी पडले. उठले, पुन्हा पळाले, पुन्हा पडले. एका मुलीने विचारलं, घाबरलीस का? मी कठड्याला टेकले, पाय उचलून पातं बघितलं.

नाली नव्हती. दोन्ही बाजूंनी उतार देऊन मधोमध एकच धार काढलेली, कुऱ्हाडीला काढतात तशी. टोकापासून टाचेपर्यंत एका रेषेत, कुठे खाच नाही, कुठे लाट नाही. असं काम गोरेगावात एकच माणूस करतो. मी त्या माणसाची मुलगी, म्हणून ते काम मला लांबूनही ओळखू आलं असतं.

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. सरांना सांगावं तर ते मला बाहेर बसवणार, आणि माझी संधी एकच. तेव्हा मी गप्प बसले. जमवू कसंतरी, असं स्वतःला म्हटलं. तसलं पातं कुणाच्या हातावर, मानेवर गेलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार केला नाही. आता करते.

या खेळात मिनिटभर खेळायचं आणि बेंचवर यायचं, दुसऱ्या मुली उतरतात. माझी पाळी आली. पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, आमच्या अर्ध्या भागात होता, त्यांची एक मुलगी तो घेऊन येत होती. मला फक्त तिच्यासमोर जाऊन थांबायचं होतं. मी पोचले तिच्याआधी, पण थांबले नाही. थांबताच येईना. तिच्या अंगावरून सरळ निघून गेले आणि आमच्याच गोलरक्षक मुलीवर आदळले. आम्ही दोघी जाळ्यात, आणि पकही जाळ्यात. शाळेची मुलं नाचायला लागली.

सरांनी मला बोलावून घेतलं. बूट काढायला लावला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त आलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ये किसने किया?"

मी म्हणाले, "गाँव में एक आदमी है, सर. उसने."

एक आदमी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मायलाही नाही. सर आणखी काही बोलले, ते मला ऐकू आलं नाही. सामना संपेपर्यंत मी मोज्यांवर बेंचवर बसून होते. किती गोल झाले ते सांगत नाही.

त्या इमारतीत पात्यांना नाली काढून देणारा एक म्हातारा होता. सामन्यानंतर सर मला त्याच्याकडे घेऊन गेले. त्याने चष्मा लावला, पातं उजेडाला धरलं, एक डोळा मिटून त्याच्या रेषेवरून नजर नेली. अप्पा असंच बघतात. मग त्याने सरांना काहीतरी विचारलं, ते आम्हाला दोघांनाही समजलं नाही. तो मान हलवत मशीनवर बसला. सगळी धार घासून काढून पुन्हा नाली पाडायची, म्हणजे पात्याची उंची कमी होणार आणि पुढचं टोक झिजून बसणार, हे मला दिसत होतं. लोखंड गेलं ते परत येत नाही, एवढं लोहाराच्या पोरीला कळतं.

संध्याकाळी हॉटेलातून घरी फोन लावला. उचलला अप्पांनीच. एरवी ते फोनपासून लांब असतात.

"धार कशी निघाली?" त्यांनी पहिलंच विचारलं. खेळलीस का, जेवलीस का, काही नाही.

माझा तोल गेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी रडत होते आणि ओरडत होते. "काहून हात लावला तुमी? तो काय इळा व्हता का? सगळ्यांसमोर माझं वाटोळं केलं. इचारायचं तरी व्हतं, अप्पा, एका शब्दानं इचारायचं तरी व्हतं!"

 

"बरं," अप्पा म्हणाले आणि फोन मायकडे दिला.

स्पर्धेतलं माझं उरलेलं सांगून टाकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात मी सगळा साज चढवून, हेल्मेट घालून बेंचवर बसले. तिसरा सामना आम्ही जिंकलो. जिंकणाऱ्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतात, म्हणून आम्ही सगळ्या बर्फावर रांगेत उभ्या राहिलो. बाकीच्या मुलींच्या केसांतून घाम गळत होता, कुणाचे ओठ फुटले होते. माझी जर्सी इस्त्री केल्यासारखी कोरडी. मी राष्ट्रगीत म्हटलं, सगळं म्हटलं, आणि कोरड्या अंगाने ते म्हणताना जी लाज वाटली तशी मला नंतर कधी वाटलेली नाही. शेवटच्या सामन्यात सरांना दया आली असावी, त्यांनी मला एकदा उतरवलं. पुढून बसलेल्या पात्यांवर मी खड्ड्यात चालल्यासारखी पळाले. पक एकदा माझ्या काठीला लागून गेला. मिनिट संपलं. ही माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द.

गावात सगळ्यांनी सामना मोबाइलवर बघितला होता. अप्पांच्या दुकानात, ऐरणीवर फोन टेकवून. मी पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मीच समोरच्या मुलीला पाडलं. मी परत आले तेव्हा जीपच्या स्टँडवर हार घेऊन माणसं उभी होती. खरं काय ते मी कुणाला सांगितलं नाही. अप्पाही त्या गर्दीत होते, मागे. त्यांनी माझी बॅग घेतली. बुटांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मला वाटत होतं की ओरडणं जरा जास्त झालं, पण चूक त्यांचीच होती. मी हे मनात इतक्या वेळा घोळवलं की ते गुळगुळीत झालं.

त्यानंतर आठवडाभराने असेल, मी दुकानात बसले होते. आमच्याच गल्लीतली एक म्हातारी विळा घेऊन आली. तिचा विळा अप्पा माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. अप्पांनी विळा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कशी पाह्यजे धार?" त्यांनी विचारलं.

म्हातारी हसली. "आता काय इचारून राहिला रे? असती तशी."

"तरी सांग."

"मला काय कळतं त्यातलं? तुला म्हाईत."

अप्पा विळा धरून तसेच बसले. चाक फिरत होतं. मग त्यांनी चाक बंद केलं आणि म्हणाले, "ठिव. सांजच्याला बघतो." मी मोबाइलमधे तोंड घालून बसले.

ते प्रत्येकाला विचारायला लागले. लोकांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा यायला लागला. लोहाराला सांगून काम करून घ्यायचं तर फाट्यावरचा ग्राइंडरवाला काय वाईट? पुढच्या हंगामात रांग अर्धी झाली. त्याच्या पुढच्या हंगामाला अप्पांनी चाकावर गोणी टाकली आणि वेल्डिंगचं काम धरलं. गेट, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. नजर कमी झाली म्हणून सांगायचे. त्याच नजरेने ते सुईत दोरा ओवून मायला देत.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. मी आता हिंगोलीत शिकते आणि त्याच शाळेच्या मैदानावर लहान मुलांना चाकांचे बूट शिकवते. शनिवारी गावी येते. परवाच्या शनिवारी मायने येताना काहीतरी आणायला सांगायचं म्हणून तीन फोन केले होते, आणि माझा फोन बॅगेत मुका पडलेला. घरी आले तर माय गवार मोडत बसली होती, तिने बसल्या जागेवरून सुरुवात केली.

"फोन हाय का शोभेला बांधलाय? माणूस मेलं तरी तुला कळायचं न्हाई."

"क्लास व्हता, माय."

"तुझा कायम क्लासच असतो. त्या बुटाच्या वक्ताला बी असंच. बाप बिचारा फोन लावून लावून थकला."

"कोणत्या बुटाच्या?"

"त्या बर्फाच्या गं." माय शेंगेची शीर ओढत होती, तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. "खंडेनवमीच्या आदल्या दिशी. बूट मांडीवर घेऊन बसला. त्या पात्याच्या नालीतून बोट फिरवी अन् म्हणे, ही झीज न्हाई, ही कुणीतरी मुद्दाम पाडलेली हाय. पोरीला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. एकदा फोन लावला, वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तू उचलला अन् म्हणलीस, आता स्टेजवर हाय, मंग करते. दिवेलागणीपर्यंत वाट पाह्यली. केला का तू?"

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मंग मीच म्हणलं, जल्मात कुणाला इचारलं न्हाई, आताच काहून अडून बसले? उद्या पूजा हाय, लावा धार. माझी बी चूकच म्हणा." मायने शेंगा सुपात टाकल्या. "सामन्यात तू पडलीस ना, लोकं टाळ्या वाजवून राहिले व्हते, अन् तुझा बाप उठून दुकानाच्या मागं गेला. तुझा फोन वाजला तवा कुठं आला."

मला आठवलं. शालीची एक बाजू खांद्यावरून घसरत होती, मंचावर कुणीतरी बोलत होतं, आणि मांडीवरच्या फोनवर अप्पांचा फोटो उजळला होता. कुणी बघेल म्हणून मी घाईने तोंडाशी हात धरला, दोन शब्द बोलले आणि ठेवून दिला. नंतर मावशीकडे फोटो बघत बसलो. हे मी विसरले होते, खरंच विसरले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कामाबद्दल कुणाला विचारलं नाही, त्याने एकदा विचारायला फोन लावला होता. तोही माझ्यासाठी. आणि मी त्यालाच ओरडून सांगितलं की इचारायचं तरी व्हतं.

मी दुकानात गेले. अप्पा एका गेटचं वेल्डिंग करत होते. मी ठिणग्या थांबेपर्यंत थांबले.

"अप्पा, तुमी मला फोन लावला व्हता."

त्यांनी तोंडावरची काच वर केली. "कवा?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिशी."

ते गेटकडे बघत राहिले. "तुझ्या मायला काई काम न्हाई," ते म्हणाले.

"मी फोनवर एवढी ओरडले. तवाच काहून सांगितलं न्हाई?"

"तू रडून राहिली व्हतीस. एवढ्या लांब." त्यांनी जोडावरची राख नखाने काढली. "त्यात अजून हे कशाला तुझ्या डोक्यावर द्यायचं?"

तीन वर्षं ते त्यांच्याच डोक्यावर होतं. गावाने त्यांची रांग मोडली, त्यांनी चाक झाकलं, आणि मी या सगळ्याकडे बापाच्या चुकीची शिक्षा म्हणून बघत आले होते. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "माझं चुकलं, अप्पा."

जाऊ दे, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. बाप तसंच म्हणतात. अप्पांनी क्षणभर विचार केला.

"व्हय," ते म्हणाले.

मग त्यांनी काच तोंडावर ओढली आणि वेल्डिंग पुन्हा सुरू केलं. त्या उजेडाकडे बघायचं नसतं, म्हणून मी तोंड फिरवून तिथेच उभी राहिले.